पंचलाइन त्यांची, झील तुमची

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही परभणीची दहा-बारा पोरं-पोरी. आमच्या भागातल्या दोघा रॅपरचे आम्ही जबर फॅन आहोत. त्यांचं नाव छापू नका. दोघं आपल्या बोलीत रॅप करतात. बसस्टँडवरची धक्काबुक्की, आठ-आठ दिवस न येणारा नळ, एमपीएससीची चौथी अटेम्प्ट, सोयाबीनचा भाव, असलं सगळं त्यात असतं आणि ऐकणारा हसून हसून बेजार होतो. कंपनी-बिंपनी मागं कुणी नाही, सगळं स्वतःच्या बळावर. नांदेडला, लातूरला त्यांचा शो असला की आम्ही मिळेल त्या गाडीनं जाताव.

मागच्या शोला मात्र घोळ झाला. आम्ही पुढं उभं राहून त्यांच्या बरोबरीनं ओळ न ओळ म्हणायलो होताव. आम्हाला वाटलं, पब्लिक पेटलं. पण मागची माणसं नुसती बघत होती, हसंना कुणी. शेवटी ढकलाढकली झाली, पोरी बाजूला निघून गेल्या. शो संपल्यावर दोघांपैकी एक जण म्हणाला, ‘तुमच्यामुळंच इथवर आलो, पण आज एकही जोक मागं पोचला नाही.’ लई वाईट वाटलं.

आता पुढच्या महिन्यात परभणीत शो आहे आणि सगळी जबाबदारी आमच्यावर दिली आहे. मंगल कार्यालयाचा ३० बाय ५० फुटांचा हॉल, वर पत्रे, खाली फरशी. तीनशे लोक येतील असं वाटतं. वरातीला जातो तोच डीजेवाला साउंड देणार आहे, चार टॉप (वरचे, शब्द-सुरांचे स्पीकर), चार बेस (खालचे, धडधडीचे). आम्ही ओरडायचंच नाही का? साउंडचं काय करायचं? मॉश पिट, म्हणजे एकमेकांना ढकलत नाचायची मोकळी जागा, ठेवावा का? शूटिंग, परवानगी यांचं काय? आणि आमच्यातला एक मित्र सगळ्यात मोठ्यानं, सगळ्यात आधी ओरडतो. त्याला कसं सांगायचं?

– एक फॅन, परभणी

उत्तर

ओरडायचं बंद करू नका. कधी ओरडायचं ते ठरवा. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही यातूनच निघतात, म्हणून आधी हेच नीट पाहू.

गंभीर रॅपच्या शोमध्ये समोरची शंभर पोरं प्रत्येक ओळ बरोबरीनं म्हणतात आणि त्यानं शो चढतो. तिथं जोर ओळखीच्या शब्दांतून येतो. हसवणाऱ्या रॅपमध्ये हसू येतं ते पुढचा शब्द काय येणार हे माहीत नसतं म्हणून. ती ओळ तुम्हाला पाठ आहे, पण पाचव्या रांगेतला माणूस ती पहिल्यांदा ऐकतो आहे. तुम्ही दहा जण एकदम ओरडलात की त्या रांगेला स्पीकरपेक्षा तुम्हीच जवळ असता. दहा तोंडांतून निघालेले ‘च’, ‘ट’, ‘स’ कधीच एका क्षणी येत नाहीत, त्यामुळे शब्दाची कड बोथट होते. शिवाय पाठ असलेली ओळ उत्साहात नेहमी थोडी आधी सुटते. म्हणजे नव्या माणसाला पंचलाइन आधी तुमच्याकडून अर्धवट कळते, मग रॅपरकडून दुसऱ्यांदा कळते, आणि या दोन्हींच्या मध्ये हसू हरवतं.

दोघांच्या जोडीत ही गोष्ट आणखी नाजूक होते. आपल्याकडे तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी असते. त्यात एक जण सरळ चेहऱ्यानं विचारतो आणि सोंगाड्या वाकडं उत्तर देतो. रॅपच्या जोडीतही बहुतेक वेळा अशीच वाटणी असते: एक जण गोष्ट उभी करतो, दुसरा ती उलटवतो. फॅनचं सगळं लक्ष उलटवणाऱ्याकडे असतं, कारण टाळी त्याला पडते. पण उभी करणाऱ्याची ओळ ऐकू आली नाही तर उलटवायला काही राहतच नाही. त्या ओळींवर शिट्ट्या, ‘भाऊऽऽ’ अशा हाका, नावाचा गजर, यांतलं काहीही नको. शोच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येक गाणं ऐका आणि कोणती ओळ उभी करणारी, कोणती उलटवणारी, हे लिहून काढा. तुम्हाला गाणी पाठ आहेत, तासाभराचं काम आहे.

मग तुमच्या वाट्याला काय येतं? झील. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो तेव्हा मागचे झीलकरी गप्प असतात आणि ओळ संपली की ‘जी जी जी’ उचलतात. गोंधळात संबळाच्या ठेक्यावर ‘उदे’ची साद सगळी बैठक देते, पण कथा गोंधळीच सांगतो. भारुडात सोंग बोलत असतं तेव्हा टाळकरी थांबलेले असतात. ज्या मराठवाड्यातल्या पैठणला एकनाथांनी भारुडं रचली, तिथल्या पोरांना हे नव्यानं शिकवायची गरज नाही. आणि रॅप याला परका नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या ज्या पार्टीपासून हिपहॉपची सुरुवात मानतात, तिथं हर्कचा साथीदार कोक ला रॉक माइकवरून काय करत होता? जमलेल्या दोस्तांची नावं पुकारत होता, गर्दीला हाका मारत होता. लांबलचक कडवी नंतर आली. आधी हाक आणि प्रतिसाद आला.

तेव्हा तुमच्यासाठी वाटणी अशी:

हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पूर्ण ताकदीनं म्हणा. पहिल्यांदा येईल तेव्हा मात्र फक्त ऐका, कारण नवख्यांना ती कळायची असते. दुसऱ्यांदा तुम्ही उचला, तिसऱ्यांदा सगळा हॉल तुमच्याबरोबर असेल.

सगळ्या गावाला माहीत असलेली ओळ पूर्ण करा. स्टेजवरून कुणी ‘जगात जर्मनी’ म्हणालं आणि परभणीच्या हॉलनं ‘भारतात परभणी’ म्हटलं नाही तर तो हॉल परभणीचा नव्हे. अशा ठिकाणी दाबून ठेवू नका. पण दोघांनी तीच म्हण घेऊन पुढं वेगळंच काही जोडलं असेल, तर ते जोडलेलं तुम्ही म्हणायचं नाही.

पंचलाइनवर तोंड बंद. हसू आलं तर मोकळं हसा. पण सतराव्यांदा ऐकलेल्या जोकवर ओढून-ताणून खदखदू नका. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी आणि हसणारी माणसं बसवत असत, आणि त्यांचं हसणं सरावलेल्या प्रेक्षकाला ओळखू यायचं. परभणीच्या माणसालाही ओळखू येतं. हसू येत नसेल तर पंचनंतर टाळी द्या. ती खरी असते.

आता वेळेचं गणित. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर एक ठोका साधारण ०.६७ सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा. भरलेला हॉल मनापासून हसला तर ओसरायला चार-पाच सेकंद सहज लागतात, म्हणजे दोन बार. रॅपर न थांबता पुढची ओळ म्हणत गेला तर ती ओळ हसण्यात बुडते, आणि पुढच्या जोकची उभारणी त्याच ओळीत असेल तर दोन जोक जातात. स्टुडिओत ही अडचण येत नाही, तिथं कुणी हसत नाही. म्हणून दोघांना सुचवा, की ज्या तीन-चार ओळींवर हमखास हसू येतं, त्यांच्यानंतर शोच्या ट्रॅकमध्ये दोन बार नुसती बीट मोकळी सोडा. किंवा बीट चालवणारा त्या जागी बीट कापेल आणि इशाऱ्यावर पुन्हा सुरू करेल असं ठरवा. दुसरा मार्ग जास्त जिवंत आहे, पण त्याला तालीम लागते. मिनिटाला १४० ठोक्यांच्या, ट्रॅप नावाच्या वेगवान बीटवर एक बार १.७ सेकंदांचाच असतो, तिथं तीन बार सोडावे लागतील. फॅनमंडळींनी अशा सूचना करू नयेत असं काहींना वाटेल. पण हॉलमध्ये कुठं हसू फुटतं हे स्टेजवरच्या दोघांपेक्षा तुम्हाला जास्त अचूक सांगता येतं, कारण तुम्ही शोमागून शो समोर उभे असता.

याच ओघात एक महत्त्वाचं: ट्रॅकमध्ये त्यांचा स्वतःचा पूर्ण आवाज नको. बरेच नवे रॅपर रेकॉर्ड केलेलं गाणं तसंच लावून त्यावर म्हणतात. हसवणाऱ्या शोमध्ये हे घातक आहे. रॅपर हसू ओसरायला थांबला तरी ट्रॅकमधला आवाज पुढं जातो आणि सगळं उघडं पडतं. बीट आणि फक्त हुकमागचा कोरस, एवढंच असलेला शोचा वेगळा मिक्स बनवून घ्यायला सांगा.

साउंड

डीजेवाल्याचं सामान वरातीसाठी जुळवलेलं असतं. रस्त्यावर, उघड्यावर, छातीत धडधड व्हावी म्हणून. तेच सामान पत्र्याच्या हॉलमध्ये तसंच लावलं तर बेस भिंतींना आपटून फिरत राहतो आणि शब्द त्याखाली गाडले जातात. या हॉलला दोन टॉप आणि एक, फार तर दोन बेस पुरतात. बाकीचं गाडीतून उतरवूच नका, नाहीतर शोच्या मध्यात कुणीतरी जोडतंच.

टॉप स्टँडवर असे चढवा की त्यांचा खालचा काठ उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर येईल, आणि तोंड मागच्या रांगांच्या डोक्यांकडे थोडं झुकतं ठेवा. सरळ समोर ठेवले तर पहिल्या रांगेचे कान किटतात आणि मागं काही पोचत नाही. तोंड वर गेलं तर आवाज पत्र्यावर जातो. टॉप माइकच्या रेषेच्या पुढं हवेत. रॅपर टॉपच्या पुढं आला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजणारच. मागच्या भिंतीला मांडववाल्याची जाड कनात सोडा. पाठीमागून परतणारा आवाज कमी करायचा हा स्वस्त उपाय आहे.

मिक्सरवर काय सांगायचं ते पाठ करून जा. दोन्ही माइकना १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे त्याखालचा घुमणारा आवाज कापायचा. २५० ते ३०० हर्ट्झजवळ थोडं उतरवायचं, तिथं आवाज घुमतो. ३ किलोहर्ट्झजवळ गरज पडली तर किंचित चढवायचं, व्यंजनं तिथं उजळतात. आणि इको शून्य. भजन, ऑर्केस्ट्रा, भाषण या सगळ्याला आपल्याकडे इको लावायची सवय आहे आणि साउंडवाला ते प्रेमापोटी लावतो. रॅपमध्ये एका शब्दाचा इको पुढच्या तीन शब्दांवर पडतो. त्याला आधीच नीट समजावून सांगा आणि साउंडचेकला इकोचं बटण बंद असल्याचं स्वतः बघा.

आवाज जुळवायचा क्रमही ठरलेला आहे. आधी बीट पूर्ण बंद. एका रॅपरचा माइक शिट्टी न येता जितका चढेल तितका चढवा, मग थोडा खाली आणा. दुसऱ्याचा त्याच्या बरोबरीनं आणा. सरळ बोलणाऱ्याचा आवाज बहुधा मवाळ असतो आणि साउंडवाला आरडाओरडा करणाऱ्यालाच आणखी चढवतो. इथं लक्ष ठेवा. दोघं सारखे झाले की मग बीट शून्यापासून हळूहळू चढवा. मागच्या भिंतीजवळ शब्द बुजायला लागले की थांबा आणि तिथून तीन डेसिबल खाली या. तीच बीटची जागा. कुणी काहीही म्हटलं तरी शो चालू असताना बीट त्याच्या वर जाणार नाही, ही जबाबदारी एका ठरावीक मुलीवर किंवा मुलावर द्या. तो किंवा ती मिक्सरजवळच उभी राहील, नाचायला जाणार नाही.

तपासणीसाठी ही गाणी कधीच न ऐकलेला माणूस मागं उभा करा. कार्यालयाचा वॉचमन चालेल, शेजारचा दुकानदार चालेल. दहा ओळी झाल्यावर त्याला विचारा, काय ऐकलं ते सांगा. आठ ओळींचा अर्थ त्याला सांगता आला पाहिजे. तुम्ही स्वतः ही तपासणी करू नका. पाठ असलेले शब्द कानाला ऐकू येत नसले तरी ऐकू आल्यासारखे वाटतात. नेमकी हीच फसगत मागच्या शोला तुमची झाली असणार. रिकाम्या हॉलमध्ये घुमणं जास्त असतं, माणसं भरली की कमी होतं, तेव्हा पहिल्या गाण्यानंतर एकदा पुन्हा मागं जाऊन ऐका.

माइक धरण्याबद्दल. जाळीवर मूठ आवळून धरायची पद्धत रॅपच्या व्हिडिओंतून पसरली आहे. स्टेजवरचे साधे माइक समोरचा आवाज घेतात आणि मागचा टाळतात, आणि हे ज्या फटींमुळं होतं त्या जाळीच्या आत कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाच्या, मागं असतात. मुठीनं त्या झाकल्या की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो. मग शिट्टी वाजते आणि शब्द डब्यातून आल्यासारखा येतो. मधल्या दांड्याला धरा, तोंडापासून दोन ते पाच सेंटिमीटर. शुअर एसएम ५८ सारखा माइक असेल तर पायाशी ठेवलेला मॉनिटर (रॅपरला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर शेपटीमागं यायला हवा, कारण तिथून तो सगळ्यात कमी ऐकतो. दोघं तुमच्यापैकी कुणाला हुकसाठी वर बोलावणार असतील तर त्यालाही हे शिकवून ठेवा. वर आल्या आल्या उत्साहात माइकची मूठ आवळणारे फॅनच असतात.

ट्रॅक लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा, नावापुढं ०१, ०२ असे क्रम टाका. मोबाइलवरून वाजवणार असाल तर तो फ्लाइट मोडवर. ऐन पंचला मावशीचा फोन आला तर त्याची रिंग चार फुटी स्पीकरमधून वाजते. लॅपटॉप जोडल्यावर घूँऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेचा आहे. डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची, ही घूँऽऽ थांबवणारी छोटी पेटी) मागवा, नाहीतर बॅटरी भरून ठेवा आणि शो बॅटरीवर करा. लाइट गेली तर जनरेटर चालू होईपर्यंतची दोन-तीन मिनिटं तुमची. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळ्या धरा आणि दोघांना बिनमाइकचं म्हणू द्या. गर्दीच्या टाळ्या नेहमी पळत सुटतात, म्हणून एकानं हात वर करून लय धरायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं.

हॉल, माणसं आणि मॉश पिट

तीनशे माणसं या हॉलमध्ये घेऊ नका. हिशोब करा: ५० फूट लांबीतून स्टेजचे १२, त्यापुढची मोकळी पट्टी ४, मागचं मिक्सरचं टेबल आणि वाट मिळून ६ गेले. राहिले २८. रुंदीत दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांची वाट सोडली की राहिले २४. म्हणजे ६७२ चौरस फूट, साधारण ६२ चौरस मीटर. यात तीनशे म्हणजे चौरस मीटरला पाचच्या जवळ, आणि एवढ्या दाटीत माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. दीडशे तिकिटं काढा. मागणी खरंच तीनशेची असेल तर दोन शो करा, साडेपाचला एक आणि आठला एक, पन्नास-पन्नास मिनिटांचे. हसवणाऱ्या शोला एवढी लांबी पुरते.

मांडणीत एक बदल करा, कदाचित तुम्हाला तो आवडणार नाही. पुढं खुर्च्या, मागं उभे. बारा-बारा खुर्च्यांच्या पाच रांगा, साठ माणसं, पंधरा फुटांत बसतात. त्यामागच्या तेरा फुटांत नव्वदेक जण उभे राहतील. नव्या माणसांना पुढं बसवा आणि तुम्ही मागं. मागच्या शोला तुमच्या पाठीमागच्या लोकांना बहुधा दोघांचे चेहरेही दिसले नसतील, आणि विनोद अर्धा चेहऱ्यावर असतो. पुढच्या रांगा रिकाम्या राहू देऊ नका. दारावरच्या माणसानं आधी आलेल्यांना पुढं बसवत यावं. तुम्ही बारा जणही एका घोळक्यात उभे राहू नका. तिघं-तिघं चार ठिकाणी थांबा. झील चारही बाजूंनी आली की मधला लाजरा माणूसही तोंड उघडतो.

मॉश पिट या हॉलमध्ये नको. फरशीवर पाणी सांडलं की चप्पल घसरते, पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि ढकलाढकलीत सगळ्यात आधी शब्द ऐकणं थांबतं. शेवटचं एखादं वेगाचं गाणं असेल तर उभं राहून जागच्या जागी उड्या मारा, हरकत नाही. पुढं कधी उघड्या लॉनवर शो झाला आणि दोघांनाच पिट हवा असला, तर पंधरा बाय पंधरा फुटांची जागा, त्यात तीस-पस्तीसच्या वर माणसं नाहीत, भोवती तुमचीच माणसं कडं करून, आणि एक नियम: कुणी पडलं की सगळे थांबतात आणि आधी त्याला उचलतात.

पोरी बाजूला गेल्या हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढं गेलात. त्यावर जास्त वेळ द्या. त्यांना दोरी बांधून वेगळ्या कोपऱ्यात बसवणं हा उपाय नव्हे. दोन्ही बाजूंच्या वाटा खरोखर मोकळ्या राहिल्या, दारावर आणि उभ्यांच्या भागात तुमच्यातल्या दोन-दोन मुली स्वयंसेवक असल्या, त्यांच्या शब्दावर कुणालाही बाहेर काढता आलं आणि शो वेळेत संपला, तर त्या मनासारख्या जागी उभ्या राहतील. उभ्या गर्दीत कुणाला स्वतःचा हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नसेल तर तिथं दाटी धोक्याची झाली आहे. मिक्सरजवळच्या माणसाला खूण करा, बीट थांबवा, दोन पावलं मागं सरकवा. जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीनं पूर्ण लांबीला दाबा.

बाकीचं थोडक्यात

परवानगीसाठी पोलिस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या: तारीख, वेळ, अंदाजे संख्या, कार्यालयाच्या मालकाचं संमतिपत्र, साउंडवाल्याचं नाव. तिकीट लावणार आहात हेही सांगा आणि आणखी कोणते कागद लागतात ते तिथंच विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. बंद सभागृहाला त्यात सवलत असली तरी पत्र्याच्या हॉलमधून आवाज बाहेर जाणारच, म्हणून साडेनऊला शेवटचं गाणं संपवा. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा किंवा कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. हॉल घेण्याआधी आजूबाजूला काय आहे ते चालत बघून या. शो सुरू व्हायच्या आधी सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा लागतो. त्यापेक्षा दोघांच्याच बीट वाजवा. तारीख लग्नाच्या तिथीवर घेऊ नका, हॉल आणि साउंड दोन्ही हातचे जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात हेही लक्षात ठेवा.

तिकीट ठेवा, भले पन्नास रुपये. फुकटच्या शोला माणसं मधेच येतात, मधेच उठतात, आणि उभारणी ऐकली नसलेल्याला पंच कळत नाही. दार दुसऱ्या गाण्यानंतर बंद करा आणि उशिरा येणाऱ्यांना दोन गाण्यांच्या मधेच आत सोडा.

शूटिंगबद्दल दोघांना विचारा आणि ते सांगतील ते सुरुवातीलाच जाहीर करा. जुन्या गाण्यांचे हुक घ्यायला हरकत नसते. नवा जोक मात्र मोबाइलमधून गावभर फिरला की पुढच्या गावात तो शिळा होतो, आणि एवढ्याशा जोडीकडे जोक काही पोत्यानं नसतात. एकच माणूस मिक्सरजवळून पूर्ण शो रेकॉर्ड करेल आणि ती फाइल दोघांच्या हातात देईल. त्यांना त्यातून कुठं हसू आलं, कुठं ओळ बुडाली, हे तपासता येतं.

कुणी मधेच टोमणा मारला तर तुम्ही त्याच्यावर तुटून पडू नका. दोघं हजरजबाबी आहेत, त्यांना उत्तर देऊ द्या. चांगल्या उत्तरानं सगळा हॉल त्यांचा होतो. दारू पिऊन आलेला माणूस असेल तर तुमच्यापैकी दोघांनी बाजूनं जाऊन हळू आवाजात सांगा, न ऐकल्यास बाहेर न्या.

राहिला तुमचा मित्र. त्याला गप्प बसवू नका, त्याला काम द्या. ब्रुकलिनमध्ये २००८ ते २०१२ या काळात ‘दास रेसिस्ट’ नावाची विनोदी रॅप करणारी मंडळी होती. हिमांशु सूरी आणि व्हिक्टर वाझक्वेझ हे दोघं रॅप करायचे आणि अशोक कोंडाबोलू हा तिसरा स्टेजवर गर्दी पेटवायला असायचा. ती जागा मानाची असते आणि अवघडही, कारण तिथल्या माणसाला सगळ्या ओळी पाठ असाव्या लागतात आणि त्यातल्या बहुतेक म्हणायच्या नसतात. तुमच्या मित्राला गाणी पाठ आहेत, आवाज आहे, अंगात दम आहे. दोघांची परवानगी घेऊन त्याला झीलप्रमुख करा. उभ्यांच्या भागात मधोमध, थोड्या उंच पाटावर उभं राहायचं. हुक आला की हात वर आणि सगळ्यांना उचलायला लावायचं. उभारणीची ओळ सुरू झाली की हात खाली, आणि त्याबरोबर आपली सगळी टोळी शांत. तुम्ही लिहून काढलेला ओळींचा कागद त्याच्याकडे द्या आणि सगळ्यांना घेऊन निदान दोनदा पूर्ण सेटची तालीम करा. हे त्याला शोच्या दिवशी दारात सांगू नका. आदल्या आठवड्यात, दोघा रॅपरपैकी एकाच्या तोंडून त्याच्या कानावर जाऊ द्या.